जिन्याखालच्या खोलीतल्या बाई: आठवणी हव्या आहेत, आणि थोडा सल्लाही

चिवडागल्ली

नमस्कार मंडळी. आमची शाळा गिरणगावातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. नाव देत नाही, कारण पुढे व्यवस्थापनाबद्दल दोन शब्द वाकडे येणार आहेत. ओळखणारे ओळखतीलच, पण प्रतिसादात शाळेचं किंवा बाईंचं नाव टाकू नका ही हात जोडून विनंती.

तर बाई. पगारपत्रकावर त्या सहायक शिक्षिका, विषय भूगोल. प्रत्यक्षात भूगोलाचे तास जेमतेम. बाकी सगळा वेळ प्रयोगशाळेशेजारच्या जिन्याखालच्या खोलीत. दारावर पाटी होती 'शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन', आम्ही पोरं त्याला सीआयडी ऑफिस म्हणायचो. गिरण्यांच्या संपाच्या थोडं आधी त्या शाळेत लागल्या आणि दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरायची पद्धत, आलं (२०१०) त्या सुमाराला निवृत्त झाल्या. म्हणजे लालबाग-परळच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. काही घरांत बाप आणि मुलगा दोघंही.

माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं की त्या खोलीला बाईंचं नाव द्यावं आणि त्यांचा रीतसर सत्कार करावा. शाळेच्या समितीकडे अर्ज घेऊन गेलो. एका सदस्यांनी विचारलं, "त्यांनी नेमकं काय काम केलं याचं काही रेकॉर्ड आहे का? निकालाची टक्केवारी वगैरे?" शाळेनेच मग कपाट उघडलं. आत तपकिरी फायली, वर्षवार, सुतळीने बांधलेल्या. मी उभा होतो तिथे. प्रत्येक कागदावर तारीख, इयत्ता, मुलाच्या नावाचं फक्त आद्याक्षर आणि समोर एक ओळ. 'वडिलांना भेटणे, पहिली पाळी, चारनंतर.' 'चष्मा.' 'फी, मु.अ.शी बोलले.' 'डबा आणत नाही.' 'पुन्हा सोमवारी.' बस. कुठे घडलेली हकिगत नाही, निदान नाही, सही-शिक्का नाही. सदस्य म्हणाले, "यात तर काहीच नाही."

आता आम्हाला दोन पानांचं टिपण द्यायचंय. तुमच्यापैकी कुणी बाईंकडे गेलं असेल तर लिहा. इतर शाळांतल्या अशा शिक्षकांचे अनुभवही चालतील.

टर्नर_वर्कशॉप

मी त्या फायलीतला एक. 'पहिली पाळी, चारनंतर' हा माझाच बाप असावा, फक्त तो पाळीला जात होता तोवरचा कागद असणार.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांच्यावर आमच्या चाळीचा देवावर असावा तसा विश्वास. अडीच लाख कामगार बाहेर, साठच्या वर गिरण्या बंद, आणि सगळे म्हणत होते गणपतीपर्यंत मिटेल. गणपती आले नि गेले. वडील गावाला भात लावायला गेले, मोठा भाऊ वडापावच्या गाडीवर उभा राहिला. पुढच्या वर्षी नववीत मी शाळेत जाणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही, दप्तर घेऊन निघायचो आणि कापड बाजारात हमालीच्या मागे लागायचो.

बाई घरी आल्या. आईला वाटलं फी मागायला आल्या, ती आत जाऊन डबे धुंडाळायला लागली. बाईंनी फीचा विषयच काढला नाही. चहा घेतला. कोपऱ्यात मी उघडून ठेवलेला शेजाऱ्यांचा रेडिओ होता, तो हातात घेऊन विचारलं, "हा चालतो का आता?" मी म्हटलं चालतो, पण एकच स्टेशन लागतं. त्या म्हणाल्या, "मग दुसरं लागेपर्यंत शाळेत ये." मला त्या वेळी काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलो, कारण त्यांनी सकाळी सातला चाळीच्या तोंडाशी एका मुलाला उभा केला होता, मला बरोबर आणायला. हा त्यांचा खरा डाव. बोलण्यापेक्षा बंदोबस्त जास्त.

दहावीनंतर आयटीआय, टर्नर ट्रेड. मग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस, तिथेच कायम. गेल्या वर्षी रिटायर झालो. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही म्हणतात, आमच्या घरात तो बाईंनी मिटवला.

बांगडो_फ्राय

माझी पण गजाल ऐका. बाईंनी माझ्या बापाशीक सांगल्यानी, "ह्याका हातातला काम येता, पुस्तकाचा मागसून बघूया." बापूस चिडलो, म्हणालो माझो झील काय हमाल होवचो? बाई म्हणाल्यो, मोटार मेकॅनिक हमाल नसता. आज माझा स्वतःचा गॅरेज असा, दोन पोरगे हाताखाली. आणि होय, पुस्तकाचा मागसून बघितलंय, पन्नाशीत बी.ए. केलंय मुक्त विद्यापीठातून. (उरलेलं प्रमाण मराठीत लिहीन, नाहीतर संपादक रागावतील.)

नीरक्षीर

सगळ्यांचा आदर राखून एक कडू बोलतो. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले: टर्नर, मोटार मेकॅनिक. गिरणी कामगाराच्या पोराला आयटीआय, आणि त्याच काळात दादर-पार्ल्याच्या शाळांत मार्गदर्शन म्हणजे सायन्स की कॉमर्स? कलचाचणी, अभिक्षमता चाचणी, नाव काहीही द्या, निकाल वस्ती बघूनच लागत होता. मी त्याच भागातला, दुसऱ्या शाळेतला. आमच्याकडचे मार्गदर्शक गुरुजी चाचणीचा तक्ता पुढे करून म्हणाले 'तुझा मेकॅनिकल उत्तम आहे'. मला इतिहास आवडत होता. इतिहासाचा रकानाच नव्हता त्या तक्त्यात.

तेव्हा स्मरणगंधात वाहून जाऊ नका. हेतू चांगला असला तरी ती यंत्रणा मुलांना त्यांच्या जागी नीट बसवणारी होती.

टर्नर_वर्कशॉप

@नीरक्षीर, तुम्ही म्हणता ते अगदीच खोटं नाही. पण १९८४ साली माझ्या घरात इतिहासाचा रकाना असता तरी त्यात भात शिजला नसता. आयटीआयला विद्यावेतन नाही तर नाही, पण दोन वर्षांनी अप्रेंटिसचा पगार हातात येणार हे दिसत होतं. आणि बाईंचा एक नियम होता तो इथे सांगायलाच हवा: प्रत्येकाला दोन फॉर्म भरायला लावायच्या. एक आयटीआयचा, एक अकरावीचा. दोन्हीच्या झेरॉक्स त्यांच्याकडे. "ठरवायचं नंतर, दार आज बंद करायचं नाही." माझ्या वर्गातल्या चौघांनी दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. ही वाट आहे हे आमच्या चाळीत कुणाला ठाऊक होतं? वर्कशॉपमधल्या इंजिनियर साहेबालाही ठाऊक नव्हतं.

नीरक्षीर

दोन फॉर्मची गोष्ट पटली. बाकी मुद्दा तसाच ठेवतो. तुमच्या बाई अपवाद असतील, अपवादावरून यंत्रणेला सर्टिफिकेट देता येत नाही.

फोर्टचा_किडा

अवांतर, पण धाग्याच्या कामाचं. हे मार्गदर्शनाचं खूळ काही बाईंनी एकटीने काढलं नव्हतं. भारतात याची सुरुवात कलकत्ता विद्यापीठात १९३८ साली झाली. मुंबईत स्वातंत्र्याच्या आगेमागे आधी पारशी पंचायतीने आणि मागोमाग मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रं काढली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकारी हवेत असं स्पष्ट म्हटलं, आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर प्राथमिकच्या सर्वांत खालच्या इयत्तेपासून मार्गदर्शन हवं असं सांगितलं. कागदावर आपण कायम पुढे.

सरकारची व्यवसाय मार्गदर्शन संस्था महापालिका मार्गावर, बोरीबंदरहून चालत जाण्यासारखी. शाळेतल्या शिक्षकांना तिथे प्रशिक्षण देऊन 'करिअर मास्टर' करायचे. तो शिक्षक परत आपल्या शाळेत जाऊन विषय शिकवायचा तो शिकवायचाच, वर हे काम. म्हणूनच चिवडागल्ली यांच्या बाई पगारपत्रकावर भूगोलाच्या. नियमाप्रमाणे त्या खोलीत कुणी बसतच नव्हतं! निवृत्त झाल्यावर पद भरलं नाही अशी तक्रार कराल तर उत्तर येईल, कुठलं पद?

नीरक्षीर यांना: चाचणीच्या तक्त्याबद्दल म्हणता ती बहुतेक डिफरन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्टवर बेतलेली असणार. त्यात अंकक्षमता, अमूर्त तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय संबंध, कारकुनी वेग असे भाग असतात. मुळात अमेरिकन. त्यात इतिहास नसणारच, आवड मोजायला वेगळ्या याद्या असतात. तुमच्या गुरुजींनी एकच वापरली, दोष तिथे.

सरोवर_ठाणे

माझा अनुभव मुलींच्या बाजूचा. मी त्याच शाळेतली, टर्नर दादांच्या नंतरची.

दहावी झाल्यावर वडिलांनी सांगून टाकलं, पुढे नको. भावाला शिकवायचंय, पैसे एकाचेच आहेत. मी रडत खोलीत गेले. तिथली बसायची पद्धत मला अजून आठवते: बाई टेबलाच्या पलीकडे बसायच्या नाहीत. आपली खुर्ची टेबलाच्या कोपऱ्याशी, तुमच्या काटकोनात. त्यामुळे समोर बघायचं झालं तर भिंतीवरचा जगाचा नकाशा दिसायचा, बाईंचा चेहरा नाही. आणि हाताला काहीतरी काम द्यायच्या. पेन्सिलींना टोक काढ, उत्तरपत्रिका लाव, जुन्या चाचणीच्या पुस्तिकांवरच्या खुणा खोडरबराने पूस (त्या पुस्तिका महाग, पुन्हा पुन्हा वापरायच्या असत). खोडता खोडता मी सगळं बोलून गेले, आणि त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.

मग वाटलं त्या वडिलांना भाषण देतील. काही नाही. त्यांनी वडिलांना शाळेत बोलावून शासनाचा कागद दाखवला, की मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण १९८५-८६ पासून मोफत आहे. "तुमचा पैसा मुलाला. हिचा सरकार देतंय. मग अडचण काय?" वडिलांकडे उत्तर नव्हतं. खरी अडचण पैशाची नव्हतीच, पण ती त्यांनी तोंडाने म्हटली नव्हती, म्हणून मागेही घेता आली. बाईंनी त्यांना हरवलं नाही, म्हणून ते घरी येऊन चिडले नाहीत. मी बारावी केलं, डी.एड. केलं, आज महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे.

काटकोन_सल्लागार

मी शालेय समुपदेशक आहे, या धंद्यात बरीच वर्षं. शिकत असताना काही महिने बाईंच्या खोलीत उमेदवारी केली आहे. सरोवर, तुमच्या वर्णनावरून माझा आयडी कुठून आला ते तुम्हाला कळलं असेल.

चिवडागल्ली, आधी भांडते. ते कपाट उघडलं कुणी? आणि उघडल्यावर समितीसमोर वाचलं कशाला? त्या नोंदींत हकिगत नाही याचं कारण नेमकं हेच, की एक दिवस कुणीतरी समिती ते कपाट उघडेल. बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, लिहायचं ते फक्त पुढे काय करायचं एवढंच. मुलाने काय सांगितलं ते लिहायचं नाही. मुख्याध्यापक बदलतात, कारकून बदलतात, कागद तसाच राहतो. लालबागसारख्या ठिकाणी आद्याक्षर आणि इयत्तेवरूनसुद्धा मूल ओळखता येतं, म्हणून काही कागदांवर तीही नाहीत, बघा हवं तर. नका बघू, खरं तर.

आता शास्त्राप्रमाणे इतक्या त्रोटक नोंदी आज चालत नाहीत, आम्हाला व्यवस्थित केस रेकॉर्ड ठेवावं लागतं, कुलपात, आणि ते योग्यच आहे. आणि एक गोष्ट गुप्त ठेवताच येत नाही: २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते की तुझं बोलणं माझ्याकडे राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्या प्रकारे त्रास देत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. आधी सांगितलं की मूल फसवलं गेलं असं मानत नाही.

आणि स्टाफरूमचा प्रश्न. "काय म्हणत होता गं तो?" हे चहाबरोबर रोज येतं. बाईंचं ठरलेलं उत्तर: "डबा आणत नाही म्हणाला, तुम्ही आणाल का?" विचारणारा गप्प. त्यातून दोन-तीन शिक्षक खरंच जास्तीची पोळी आणायला लागले होते, हा वेगळा भाग.

चिवडागल्ली

काटकोन, भांडण कबूल. कपाट परत कुलूपबंद आहे, किल्ली मुख्याध्यापिकांकडे. टिपणात फायलीतलं एक अक्षर येणार नाही, आणि इथे लिहिणाऱ्यांच्या गोष्टीही त्यांना विचारूनच घेईन.

झेपेल_तितकं

मी त्या शाळेतला नाही, माझा मुलगा तिथे होता. माझी पत्नी या धाग्यावर नाही म्हणून मी लिहितो.

मुलगा सहावीपर्यंत कसाबसा. तोंडी विचाराल ते सगळं येई, गणितं मनात सोडवी. लिहायला बसला की वेलांटी पुढे-मागे, मात्रा भलत्याच अक्षरावर, ओळ मधूनच गाळलेली. वर्गशिक्षक म्हणाले आळशी, आजी म्हणाली नजर लागली, मी पट्टी उचलली. बाईंनी त्याच्या तीन विषयांच्या वह्या मागून घेतल्या आणि दोन आठवडे ठेवल्या. मग मला बोलावून वह्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. "तारखा बघा. जूनमधली चूक आणि जानेवारीतली चूक तीच आहे. आळशी मूल रोज नवी चूक करतं."

त्यांनी सायन हॉस्पिटलच्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकचं नाव दिलं आणि शाळेचं पत्र. रांग लांबलचक, महिने गेले. आधी डोळे आणि कान तपासले, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. निदान: डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचनातली आणि लेखनातली अडचण. महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती नव्वदच्या दशकापासून आहेत. जादा वेळ, लेखनिक, भाषा आणि गणिताच्या बाबतीत काही पर्याय. आमच्या शाळेत तोवर कुणी त्या मागितल्याच नव्हत्या. त्याला लेखनिक मिळाला आणि जादा वेळ मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणून रीतसर आलं, पण आमचं काम त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, आणि ते एका भूगोलाच्या बाईंमुळे.

निदानाच्या दिवशी मी घरी येऊन ती पट्टी मोडली वगैरे काही केलं नाही, सिनेमा नव्हता. पण मुलाला सांगितलं की तुझ्या डोक्यात काही कमी नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्याने कागद मागून घेतला आणि वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, बाबा, तुम्हीच वाचा.

इंटरमिजिएट चित्रकलेला त्याला ए ग्रेड होती. जे.जे. कला महाविद्यालयात गेला. आज फाँट तयार करतो, देवनागरी. हो, वेलांट्याच.

खडूस_आजोबा

झेपेल_तितकं, शेवटची ओळ वाचून चहा सांडला. जियो.

आजकाल याच जागेवर काय चाललंय तेही सांगतो. नातीच्या सोसायटीत एक 'करिअर एक्स्पर्ट' आला होता. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगतो म्हणे. डीएमआयटी. हजारो रुपये, चकचकीत रिपोर्ट, त्यात लिहिलेलं की मुलीत 'नेतृत्वगुण' आहेत. वय वर्षे सहा. याला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही जाहीर सांगितलंय. आमच्या वेळी कुडमुड्या जोशी दारावर यायचा, तो निदान दोन रुपयांत राजयोग सांगायचा.

नीरक्षीर

आजोबा +१. २०१६ मध्ये बोर्डाने दहावीला सरसकट कलचाचणी आणली तेव्हा मी शिक्षक होतो. मुलाच्या हातात कागद, त्यावर कल. आणि पुढे? त्या कागदाबरोबर बसायला माणूस नाही. तेव्हा मला टर्नर यांचं 'दोन फॉर्म' ठाऊक असतं तर बरं झालं असतं. (हो, भूमिका थोडी सरकली आहे. नाचू नका.)

टर्नर_वर्कशॉप

नाचत नाही. गुडघे गेलेत.

चिवडागल्ली

धागा वर काढतोय, अपडेट आहे. रविवारी आम्ही तिघं बाईंना भेटायला बदलापूरला गेलो. तब्येत ठणठणीत, कान थोडे कमी. सत्काराचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, खोलीत सध्या काय आहे? खरं सांगितलं: जुने बाक, खेळाच्या मॅट आणि निवडणुकीचं सामान. त्या म्हणाल्या, "मग नाव बाकांना देणार का?" पेढे घेतले, शाल परत केली. "ही थंडीत कुणाला तरी द्या. आणि त्या खोलीत कुणीतरी बसेल असं बघा. आठवड्यातून दोनदा बसलं तरी पोरांना कळतं."

तर आता टिपण बाजूला. प्रश्न असा: माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून अर्धवेळ समुपदेशक नेमता येईल का? कुणी असं केलंय?

काटकोन_सल्लागार

येईल. पण घाई नको. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो, तो त्यांच्या संलग्नतेच्या नियमांतच आहे. राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांचं तसं नाही. मात्र जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं आहे. त्याची प्रत समितीपुढे ठेवा. 'काय काम केलं' विचारणाऱ्यांना 'का नेमला नाही' हा प्रश्न जास्त लवकर कळतो.

नेमताना तीन गोष्टी लेखी घ्या. त्या व्यक्तीला ऑफ तासाला वर्गावर पाठवायचं नाही. प्रवेशाच्या हंगामात टेबलावर बसवायचं नाही. खोलीला दार हवं आणि दाराला वरून काच हवी, म्हणजे आत कोण आहे हे दिसेल, बोलणं ऐकू येणार नाही. मी आज दोन शाळांत जाते, त्यातल्या एकीत माझी 'खोली' म्हणजे वाचनालयातला पडदा. पडद्यामागे कुठलं मूल काय बोलणार?

शिक्षण बघा: मानसशास्त्रात एम.ए. आणि समुपदेशनाची पदविका किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एखाद्या संस्थेचा वीकेंड कोर्स पुरेसा नाही. आणि ती व्यक्ती आली नसेल त्या दिवसांसाठी दारावर मोठ्या अक्षरांत दोन नंबर लावा: टेली-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८. दोन्ही फुकट, दोन्ही चोवीस तास. निकालाच्या दिवशी तर लावाच.

फोर्टचा_किडा

निकालावरून आठवलं. दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत घ्यायला सुरुवात झाली २०१५ पासून, म्हणजे नापास मुलाचं वर्ष वाचतं. तरी दरवर्षी निकालाच्या दिवशी कितीतरी पालकांना हे माहीत नसतं. बाईंच्या जागी बसणाऱ्याचं निम्मं काम हेच, असलेली माहिती वेळेवर पोचवणं.

बांगडो_फ्राय

गॅरेजकडून दरमहा ठराविक रक्कम लिहून घ्या. आकडा विपुत (विचारपुशीत) कळवतो. आणि ते बाक-मॅट हलवायला माझा टेम्पो फुकट.

सरोवर_ठाणे

मी शनिवारी येऊन पालकांशी बोलू शकते. समुपदेशक म्हणून नव्हे, फक्त सरकारी योजना आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायला. ते मला झोपेतही येतं.

नीरक्षीर

मीही. अट एक, खोलीत इतिहासाचा रकाना असेल.

नवी_आई_भायखळा

मध्येच विचारते, क्षमस्व. झेपेल_तितकं यांचा प्रतिसाद वाचून हात थरथरले. माझी मुलगी पाचवीत आहे, हुबेहूब तेच. शाळा म्हणते लक्ष देत नाही. सायनला थेट जाता येतं का? काय काय न्यावं?

झेपेल_तितकं

ताई, सायनखेरीज नायर आणि केईएमलाही विचारा, जिथे रांग कमी तिथे. थेट जाऊ नका, आधी शाळेचं पत्र घ्या, वर्गशिक्षकांच्या निरीक्षणासकट. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आधार, दोन फोटो. डोळे आणि कान आधीच तपासून रिपोर्ट न्या, एक खेप वाचते. आणि तिच्या वह्या न्या. घरी बसवून पुन्हा लिहून घेतलेल्या नकोत, शाळेतल्या, लाल शाईवाल्या. शाळा पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर मला विपु करा, आम्ही तेव्हा दिलेल्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे.